दुखण्याची गोळी घेताना

महोदय,

मी शस्त्रक्रिया विभागात परिचारिका आहे. "सिस्टर, अजून एक गोळी द्या ना," हे प्रत्येक पाळीत ऐकते. वेदना सोसत राहावं असं माझं मुळीच म्हणणं नाही. पोटाचे टाके दुखणारा रुग्ण खोल श्वास घेत नाही, खोकत नाही आणि मग छातीत कफ साठतो.

पण पॅरासिटामॉल म्हणजे अगदी साधी गोळी, हा समज मला फार सलतो. निरोगी प्रौढासाठी २४ तासांत ४ ग्रॅम, म्हणजे ५०० मिलिग्रॅमच्या ८ गोळ्या, ही कमाल मर्यादा. वजन कमी किंवा यकृत कमजोर असेल तर त्याहूनही कमी. परवा एका आजींच्या उशीखाली तीन वेगवेगळ्या नावांची पाकिटं सापडली. एक तापाचं, एक सर्दीचं, एक अंगदुखीचं. तिन्हींत पॅरासिटामॉल! मात्रा जास्त झाली तरी पहिल्या दिवशी माणूस ठणठणीत दिसू शकतो, यकृत मात्र आतून खराब होत असतं.

आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक ही दुसरी वेदनाशामकं घेणाऱ्यांनी जठरव्रण (पोटातला अल्सर), मूत्रपिंडाचा त्रास किंवा रक्त पातळ करणारी गोळी असेल तर आधी सांगावं.

मॉर्फिन या तीव्र वेदनांवरच्या औषधाला मात्र लोक उगाच घाबरतात. ते दिल्यावर आम्ही श्वास मोजतो, गुंगी पाहतो, कारण बहुधा श्वास मंदावण्याआधी गुंगी वाढते. तेव्हा नातेवाइकांनो, "आत्ताच डोळा लागलाय, उठवू नका," असं कृपया म्हणू नका. आम्हाला एकदा हाक मारून बघू द्या.

– एक परिचारिका