पाठ फिरवून उभ्या राहिलेल्या मापाडी मामांना

आदरणीय मामा,

साष्टांग नमस्कार.

तुम्ही मोबाईलवर असलं काही वाचत नाही हे मला ठाऊक आहे. नातवाला सांगा, वाचून दाखवील. नाव मुद्दामच लिहिलेलं नाही. "माझं नाव कुठं छापलंस तर तुझा टेम्पो गेटातनं आत येऊ देणार न्हाई," असा दम तुम्ही दिलाय आणि मला रोज गूळ घेऊन मार्केट यार्डात यायचं आहे.

पोरगी परवा परदेशातनं आली. पदक नाही. पहिली कुस्ती मारली, दुसरी गुणांवर गेली. रडली, मग झोपली, उठल्यावर पहिलं विचारलं ते तुमच्याबद्दल. "मामांना सांगितलंस का, वजनाला बसले म्हणून?" बसली मामा. 49 किलोच्या गटात, पहिल्याच खेपेला. अर्ध्या तासात हवं तितक्यांदा काट्यावर चढायची मुभा असते म्हणे, तिला दुसऱ्यांदा चढावं लागलं नाही.

हे वजनाचं प्रकरण कुस्तीबाहेरच्या माणसाला समजत नाही. ते समजलं 2024 च्या ऑगस्टमध्ये. पॅरिसला विनेश फोगाटनं एका दिवसात तीन कुस्त्या मारल्या. पहिलीच जपानच्या युई सुसाकीवर, जी तोवर आंतरराष्ट्रीय कुस्तीत हरलीच नव्हती. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी 50 किलोला 100 ग्रॅम जास्त भरली म्हणून फायनल गेली, पदकही गेलं. आधी स्पर्धेच्या आदल्या दिवशी वजन करायचे, 2018 पासून त्या-त्या दिवशी सकाळी करतात आणि फायनलला पोचलेल्यांचं दुसऱ्या सकाळी पुन्हा. अंगावरच्या कुस्तीच्या पोशाखाचीसुद्धा सूट नाही. त्या आठवड्यात आमच्या गल्लीत ज्याच्या त्याच्या तोंडी शंभर ग्रॅम. एक जण म्हणाला, केस कापले असते तर बसली असती. तिनं केसही कापले होते हे त्याला कोण सांगणार!

आमचे गेल्या वर्षी 350 ग्रॅम झाले होते. घरच्या काट्यावर बरोबर 49, आणि निवड चाचणीच्या ठिकाणी जास्त. आमचा काटा बाथरूमच्या दारामागं पडलेला, सेल कधी बदलला तेही आठवत नव्हतं. चूक माझी. पण त्या टेबलामागं बसलेल्या गृहस्थांनी जे केलं ते मी विसरणार नाही. आकडा एवढ्या मोठ्यानं पुकारला की बाहेर व्हरांड्यात उभ्या असलेल्या पोरांना ऐकू गेला. वर, "भरलेलं पोतं दिसतंय, उतर खाली." पोरं हसली. सोळा वर्षांची पोर मामा. महिनाभर ती तालमीकडं फिरकली नाही. मी त्यांच्या वरच्यांना दोन अर्ज दिले, उत्तर एकाचंही नाही.

आणि खरं सांगायचं तर मी तरी काय वेगळा होतो? रोज सकाळी चहा पीत ओरडायचो, "किती आलं गं?" शेजारी ऐकायचे. ती हळूच सांगायची. मला त्यात काही वावगं वाटलं नव्हतं.

तुमच्याकडं आलो ते नाइलाजानं. टेम्पोतला माल उतरवताना सहज बोललो, आणि तुम्ही म्हणालात, "हितला काटा धा ग्रॅम दाखवतोय, सरकारी शिक्का हाय. सौद्याच्या आधी घेऊन ये पोरीला." एवढंच. दिवाळी पाडव्याच्या मुहूर्ताच्या सौद्यानंतर सीझन जोरात, तुम्हाला मान वर करायला सवड नसते, तरी त्या दिवसापासून आम्ही रोज अंधारातच हजर.

पहिल्या दिवशीचं मी पाहिलेलं सांगतो. तुम्ही आधी ओल्या फडक्यानं काट्यावरचा चिकटलेला गूळ पुसलात. त्यावर कोरा कागद अंथरलात, लोखंड गार होतं म्हणून. काटा शून्यावर आणलात. आकडा दाखवणारा डबा तिच्याकडं फिरवलात. आणि मग तुम्ही पाठ फिरवून भिंतीकडं तोंड करून उभे राहिलात. दोन हमाल येत होते, त्यांना हातानंच थांबवलंत. मीही बघायला पुढं सरकलो, तर म्हणालात, "तू कुठं चाललास? पोरगी हाय ती. लिहील आणि दील."

पेन्सिल आणि गुळाच्या कागदाचा तुकडा तुम्हीच दिला होतात. तिनं आकडा लिहिला, घडी घातली, माझ्या हातात दिली. मला तेव्हा काही बोलता आलं नाही, म्हणून टेम्पोची ताडपत्री उगाच दोनदा बांधली.

उभा जन्म पोती आणि गुळाचे रवे तोलण्यात गेलेला माणूस, आणि माझी पोरगी पोतं नाही हे सांगावं लागलं नाही असा मला भेटलेला पहिला माणूस तुम्ही.

तिनं एकदा दोन दिवसांत सव्वा किलो उतरवलं. पाणी सोडलं होतं, अंगात दोन स्वेटर घालून पळत होती. मी खूश. त्या दिवशी तिनं चिठ्ठी आपणहून तुमच्या हातात दिली. तुम्ही मला बाजूला घेतलंत. "मालात एवढी तूट आली तर आम्ही इचारतो, कुठं गळतंय. पोरीला खायाला घाल आधी." तुमचं ऐकून मी तिच्या वस्तादांना भेटलो, त्यांनी दोघांनाही झापलं आणि उतरवायचं सगळं गणित आठ आठवड्यांवर नेलं. परदेशात तिच्याच खोलीतली एक पोर वजनाच्या आदल्या रात्री चक्कर येऊन पडली म्हणे. आमची भाकरी खाऊन झोपली होती. म्हणजे भाकरी नाही, तिथं जे काय मिळतं ते.

आपल्या कोल्हापुरात राजाराम कॉलेजच्या खर्डेकर सरांची गोष्ट सगळे सांगतात. राहतं घर 7,000 रुपयांना गहाण टाकलं, म्हणून खाशाबा जाधव 1952 ला हेलसिंकीला पोचले आणि स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिम्पिक पदक आलं. मोठीच गोष्ट. पण मला वाटतं, त्या काळातही कुणीतरी पहाटे दार उघडून दिलं असेल, कुणी दूध धरलं असेल, आणि त्यांची नावं आपल्याला माहीत नाहीत. पदक आलं की गुळाला मुंगळे लागावेत तशी माणसं लागतात, चौकात फ्लेक्स, फ्लेक्सवर पैलवानापेक्षा शुभेच्छुकांची तोंडं मोठी. आमचं पदक आलं नाही, त्यामुळं ती कटकट वाचली.

तिच्या बॅगेत तुमच्या कागदाच्या एकसष्ट घड्या निघाल्या. सगळ्या तिकडं नेल्या होत्या. आई फेकायला निघाली तर भांडली.

सोमवारी येतोय आम्ही. रविवारी घरी मटण आहे, तांबडा पांढरा दोन्ही, तिनं स्वतः सांगून करायला लावलंय. तुम्ही बाजूला ठेवलेली गुळाची भेलीही खाणार म्हणते, तिथंच, उभ्यानं. मग काट्यावर चढणार आहे. आणि यावेळी पाठ फिरवायची नाही, आकडा मामांनीच वाचायचा, सगळ्या यार्डाला ऐकू जाईल असा, असा तिचा निरोप आहे.

आपला,
टेम्पोवाला