परीक्षेची फी पाठवली आहे

दारव्हा तालुका, जि. यवतमाळ

चि. छकुलीस अनेक आशीर्वाद.

फीचे पैसे सकाळीच फोनवरून टाकले, मिळाले असतील. सोयाबीनचे आहेत, कोणाकडून उसने घेतले नाहीत, मनाला लावून घेऊ नको. पऱ्हाटी बरी आहे. दुसरी वेचणी सुरू झाली.

दिवाळीत तू एनआयएसएम या संस्थेच्या, फंड विकण्यासाठी लागणाऱ्या परीक्षेचं सांगत होतीस तेव्हा मी गप्प बसलो. तुझ्या आईला वाटलं, मला पसंत नाही. तसं नव्हतं बाई. तू तिसरीत होतीस, तेव्हाचं आठवत होतो. नात्यातलाच एक माणूस आपल्या ओसरीवर बसून दामदुपटीचं सांगून गेला. मी कापसाचे २० हजार दिले, वर शेजारच्या दोघांनाही द्यायला लावले. रंगीत पावती मिळाली. दीड वर्षात त्याच्या ऑफिसला कुलूप. त्या दोघांतल्या एकाच्या पोरीचं लग्न त्यापायी लांबलं. तो मला एका शब्दानंही बोलला नाही, पण त्याच्या वावराजवळून जाताना आजही माझी मान वर होत नाही.

बारावी झालेला माणूस मी. पण पैसे घेणाऱ्याला ‘तुला परवानगी कोणाची, नोंदणी नंबर दाखव’ असं विचारायचं असतं, हेच ठाऊक नव्हतं. म्युच्युअल फंड विकणाऱ्याला शेअर बाजारावर लक्ष ठेवणाऱ्या सेबीच्या या संस्थेची सिरीज पाच-ए परीक्षा पास व्हावी लागते, मग ॲम्फी या फंड कंपन्यांच्या संघटनेकडून एआरएन हा नोंदणी नंबर मिळतो, अन् तो नंबर कोणालाही तपासता येतो, हे तुझ्याकडूनच कळलं. त्या रात्री मला झोप आली नाही.

म्हणून डिग्रीची वाट पाहू नको. १०० प्रश्न, २ तास, ५० मार्कांना पास, चुकलं तर मार्क कापत नाहीत. बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला हे जमतं. सर्टिफिकेट ३ वर्षं चालतं, म्हणजे डिग्री झाल्यावर नोकरीला अर्ज करशील तेव्हाही ते चालू असेल. तुझी मैत्रीण म्हणते त्या डेरिव्हेटिव्हजच्या, म्हणजे वायदे व्यवहारांच्या परीक्षेला ६० लागतात अन् चुकीच्या उत्तराला पाव मार्क जातो. ती नंतर दे. सीएफए या परदेशी परीक्षेची फी डॉलरमध्ये, ते नोकरी लागल्यावर पाहू. कॉलेजचे तास मात्र बुडवू नको. अन् फॉर्म भरण्याआधी पॅन अन् आधारवरचं नाव जुळतं का ते बघ. मागं स्कॉलरशिपला तिथंच अडलं होतं.

एक मागणं आहे. नंबर मिळाला तरी गावात लगेच कोणाला काही घ्यायला लावू नको. माझी पोरगी म्हणून लोक तुला हो म्हणतील. फंडात हमी नसते, पैसे कमीही होतात, हे आधी सांग. ऐकून ज्याला नको वाटेल त्याला जाऊ दे.

ती रंगीत पावती मी अजून ट्रंकेत ठेवली आहे. संक्रांतीला आलीस की काढतो. तिच्यावर काय असायला पाहिजे होतं, ते मला नीट समजावून सांग. शेजारच्या काकांनाही बोलावून घेईन.

तुझे बाबा