छापलेले कान

ती. बाबा आणि आई,
सा. न.

"तू तिकडे संशोधन करतेस की छपाई?" असं बाबांनी परवा विचारलं आणि मी हसण्यावारी नेलं. खरं सांगायचं तर दोन्ही: हवेतली ओल, म्हणजे आर्द्रता, मोजणारे छोटे तुकडे मी छापते आणि पारखते.

आमचा प्रिंटर साध्या इंकजेटचाच भाऊबंद. शाईत रंगाऐवजी चांदीचे अतिसूक्ष्म कण. अख्खी चांदी वितळायला ९६१ अंश सेल्सिअस लागतात, पण हे कण १५० अंशांच्या आसपासच एकमेकांना चिकटतात आणि रेघेतून वीज वाहू लागते. म्हणून तर पातळ प्लास्टिकवर, कधी कागदावरही सर्किट छापता येतं.

दोन कंगवे दातात दात घालून ठेवावेत तशा या रेघा, भोवती तारेसारखं वेटोळं. हवा दमट झाली की कंगव्यांवरचा थर पाणी शोषतो, कपॅसिटन्स (वीज साठवायची क्षमता) वाढतो आणि वेटोळ्याचा सूर, म्हणजे त्याची स्वाभाविक वारंवारता, उतरतो. रीडर, म्हणजे तो सूर वाचणारं यंत्र, काही सेंटिमीटरवर धरला की तो उतरलेला सूर पकडता येतो. तुकड्यात बॅटरी नाही, चिपही नाही! आई, तुला हेरकथा आवडतात ना? १९४५ मध्ये मॉस्कोतल्या अमेरिकी राजदूताला भेट मिळालेल्या लाकडी मानचिन्हात असाच बिनबॅटरीचा कान लपवला होता. तो सापडला थेट १९५२ मध्ये.

एकच महागडं यंत्र एकाच जागेची हवा सांगतं. असे तुकडे मात्र कोपऱ्याकोपऱ्यात चिकटवता येतात. स्वस्त आहेत खरे, पण लहरीही तितकेच. शाईचा थेंब वाळताना कण कडेला सरकतात, कॉफीच्या डागाची कड गडद होते ना, तसे. त्यामुळे एकाच पानावरची दोन भावंडंही वेगळं बोलतात. एकदा ओला होऊन वाळलेला तुकडा पहिल्या आकड्यावर परततोच असं नाही. मागच्या आठवड्यात एकाने भर दुपारी आर्द्रता घटल्याचं सांगितलं. मी खूश! मग दिसलं, खिडकीतलं ऊन नेमकं त्याच्यावरच आलं होतं.

आता प्रत्येकाशेजारी त्याचंच एक जुळं छापते, वरून ओल शिरणार नाही असं सील करून. त्याला फक्त तापमान कळतं, तेवढं वजा करायचं. छपाईला मिनिटं लागतात, या पारखण्याला दिवस. माझा प्रबंध म्हणजे बहुतेक हे दिवसच.

चेंबरमध्ये, म्हणजे हवी तेवढी आर्द्रता ठेवणाऱ्या पेटीत, ८० टक्के आर्द्रतेची पायरी पूर्ण झाली, बीप वाजतोय. नोंद करून पुढची लावते. बाकी फोनवर.

तुमची लेक