सुगरण फिलिपिन्सची नाही

पैठण

चि. सायलीस,
अनेक आशीर्वाद.

सुट्टीत नाथसागराच्या काठानं केलेली तुझी पाखरांची यादी वाचली. शास्त्रीय नावांचा रकाना कोरा ठेवलास आणि वर फोनवर विचारतेस, "अण्णा, ते लॅटिन कुणासाठी?"

अगं, इकडं कुंभारकावळा म्हणतात त्यालाच तिकडं पुण्यात भारद्वाज म्हणतील. दोन्ही याद्या एकत्र केल्या की एका पाखराची दोन होतात. सेंट्रोपस सायनेन्सिस लिहिलं की भानगड मिटली. पहिला शब्द प्रजातीचा, दुसरा जातीचा. सेंट्रोपस म्हणजे पायाला काटा असलेला. त्याच्या मागच्या बोटाचं लांब, सरळ नख बघ, पटेल.

पण प्रत्येक नाव असं पटेलच असं नाही. विहिरीवरच्या बाभळीला खोपे टांगणारी आपली सुगरण आहे प्लोसियस फिलिपिनस. प्लोसियस म्हणजे विणकर, ते बरोबर. पण फिलिपिन्स काही तिचं मूळ घर नाही. लालबुड्या बुलबुलाची तर कमालच. ही दोन शब्दांची पद्धत रूढ करणाऱ्या लिनियसनं 1766 साली तो आफ्रिकेच्या टोकाकडचा समजून नावातला दुसरा शब्द 'कॅफर', म्हणजे तिकडचा, असा ठेवला, आणि तो पडला आपल्याकडचा! तरी नाव तेच, कारण अर्थ चुकला म्हणून नाव बदलायचं नाही असा नियमच आहे. धोंडिबाला आपण धोंडा समजतो का? हाक मारली की ओ देतो, बस.

बदलतो तो बहुधा पहिला शब्द. तित्तर जुन्या पुस्तकात फ्रँकोलिनस पाँडिसेरियानस, नव्या याद्यांत ऑर्टिगॉर्निस पाँडिसेरियानस. अशा वेळी दुसऱ्या शब्दावरून शोध. माळावरचा आखूड तुऱ्याचा चंडोल गॅलेरिडा देवा. पुढं कंसात साइक्स, 1832, म्हणजे जातीला नाव कुणी आणि कधी दिलं ते. हा कर्नल साइक्स दख्खनभर फिरून पाखरं नोंदवणारा. कंस एवढ्यासाठी, की त्यानं पक्षी दुसऱ्या प्रजातीत घातला होता, नंतर तो हलवला. हा कंस विसरू नकोस, पोरं हमखास विसरतात.

हातानं लिहिताना दोन्ही शब्दांखाली रेघ मार. प्रजातीचं पहिलं अक्षर मोठं, जातीचं लहान.

आणि नुसतं 'टिटवी' काय लिहिलंयस? पाण्याकाठची लाल गाठीची, व्हॅनेलस इंडिकस, की कोरड्या माळावरची पिवळ्या गाठीची, व्हॅनेलस मलबारिकस? फोटो असतील तर बघून ठरव, नसतील तर ती ओळ खोड.

तुझे
अण्णा