ओढा एका गावाचा नसतो

माननीय संपादक महोदय,
स.न.वि.वि.

ग्रामीण भागातील लहान ओढ्यांच्या सरळीकरणाची आणि खोलीकरणाची कामे बहुधा एका गावाच्या शिवेपुरता विचार करून ठरवली जातात. वरच्या अंगाला पात्र बदलले की त्याचे परिणाम खालच्या वस्त्यांना सोसावे लागतात, तरीही काम मंजूर होताना त्यांना कोणी विचारत नाही. या अन्यायाकडे मी लक्ष वेधू इच्छितो.

वळणे काढून पात्र सरळ केले की त्याची लांबी घटते, पण दोन टोकांमधील उंचीचा फरक तेवढाच राहतो. साहजिकच उतार आणि त्याबरोबर पाण्याचा वेग वाढतो. मग तळ खरवडला जातो, काठ ढासळतात आणि एरवी काठच्या जमिनीवर पसरून सावकाश ओसरणारे पुराचे पाणी खालच्या गावात एकदम शिरते. पात्र भूजलाच्या पातळीखाली खोदले गेले, तर पाऊस संपल्यावर ओढा चरासारखा लगतच्या जमिनीतील पाणी ओढून वाहून नेतो आणि आसपासच्या विहिरी लवकर तळ गाठतात. डोह बुजल्याने उन्हाळ्यात मासे व जलकीटक यांना आसरा उरत नाही. काठची झाडे तोडल्याने पाणी तापते आणि तापलेल्या पाण्यात विरघळलेला प्राणवायू कमी राहतो. साचलेला गाळ काढण्यास माझा विरोध नाही. तळाचा मूळ थर फोडणे ही मात्र वेगळी गोष्ट आहे.

मोठ्या प्रमाणावर हेच अमेरिकेतील फ्लोरिडा राज्यात घडले. तेथील किसिमी नदीचे सुमारे १६६ किलोमीटरचे नागमोडी पात्र १९६२ ते १९७१ या काळात सुमारे ९० किलोमीटरच्या सरळ कालव्यात बदलण्यात आले. पूरमैदानातील पाणथळी आटल्या, पाणपक्षी घटले, आणि अखेर १९९९ मध्ये कालव्याचा काही भाग बुजवून जुनी वळणे परत आणण्याचे काम सुरू करावे लागले. ते पूर्ण व्हायला २०२१ उजाडले. लहान ओढ्याच्या दुरुस्तीसाठी एवढा पैसा आणि एवढी चिकाटी कोण दाखवणार?

युरोपीय संघाने २०००च्या जलविषयक निर्देशानुसार पाण्याचे व्यवस्थापन प्रशासकीय सीमांऐवजी नदीखोऱ्यानुसार करण्याचे तत्त्व स्वीकारले, आणि खोरे एकापेक्षा अधिक देशांत पसरलेले असेल तेथे त्या देशांवर समन्वयाची जबाबदारी टाकली. देशांना जे जमते, ते एकाच ओढ्यावरच्या चार वस्त्यांना जमू नये असे मला वाटत नाही. म्हणून यंत्रे पात्रात उतरण्यापूर्वी उगमापासून संगमापर्यंतच्या सर्व गावांची संयुक्त बैठक बंधनकारक करावी. काठावर जमीन नसलेले, पण जनावरांच्या पाण्यासाठी किंवा मासेमारीसाठी ओढ्यावर अवलंबून असलेले लोकही तिथे बोलावले जावेत, कारण जमीनधारकांच्या यादीत त्यांची नावे कधीच सापडत नाहीत. पात्राची मापे आणि विहिरींची पाणीपातळी कामापूर्वी व नंतरच्या निदान दोन पावसाळ्यांत नोंदवून ती सर्व गावांत जाहीर करावी, आणि तोपर्यंत त्याच ओढ्यावर पुढील टप्प्याला मंजुरी देऊ नये.

आपला विश्वासू,
एक वाचक