दगडू, विशाल रजेवर आलाय

प्रिय दगडू,

राम राम. इतके दिवस पत्र नाही म्हणून शिव्या घालशील. घाल. फोन केला असता, पण आमच्या घरात भिंतींना कान आहेत आणि हिच्या कानांविषयी तुला मी काय सांगू. गुडघा आहे तसाच, माजी सैनिकांच्या ईसीएचएस दवाखान्याच्या गोळ्या चालू. बाकी बरं.

विशाल रजेवर आलाय. अग्निवीरांना रजा वर्षाला ३० दिवस. आपल्याला ६० वार्षिक आणि ३० कॅज्युअल मिळायची तरी आपण रडायचो. तू तर रजेसाठी एकाच आजीला दोनदा मारलीस.

पोरगं खातंपितं, सकाळी धावायला जातं, म्हशीखाली बसतं. पण रात्री झोपत नाही. परवा हिने दिलेला लाडवांचा डबा त्याच्या बॅगेत ठेवताना एक वही हाताला लागली. पट्टीने रकाने आखलेले. डावीकडे सेक्शनमधल्या पोरांची नावं, पुढे फायरिंग, बीपीईटीची शारीरिक चाचणी, ड्रिल, कोणाला कधी एक्स्ट्रा ड्युटी लागली तेसुद्धा. त्याच्या बडीच्या फायरिंगच्या आकड्याभोवती लाल गोल. ज्याच्याबरोबर एका ताटात जेवतो त्याच्या!

विचारलं तर चिडला नाही. शांतपणे म्हणाला, "पप्पा, चार वर्षांनी चारातला एक कायम राहणार. तीन घरी." २०२२ ला ही अग्निवीरांची योजना आली तेव्हा आपण पारावर बसून पेन्शनवरून तावातावाने भांडलो होतो. चार वर्षं, मग ११ लाख ७१ हजारांचा सेवानिधी आणि रामराम, असा आपला हिशोब. ही वही तेव्हा कोणाच्या डोक्यात होती?

तुला म्हणून सांगतो, मला सारखी ग्लेशियरची ती फायबरची झोपडी आठवते. चौक्यांमधल्या त्या लिंक पेट्रोलच्या गस्तीनंतर तू बोलायचा बंद झालास. सुभेदार साहेबांनी तुला बर्फ वितळवायच्या स्टोव्हवर बसवलं, रात्रभर कोणी ना कोणी तुझ्याशेजारी जागं, आणि रेडिओवर खाली रिपोर्ट रोजचा एकच, सब ठीक. तुझी रायफल माझ्या स्लीपिंग बॅगेखाली. त्यावरून बेळगावला बडा खान्याच्या पंगतीत तू माझी कॉलर धरलीस, सगळ्यांदेखत मला वेडा ठरवलंस म्हणून. आजही सांगतो, पुन्हा तशी वेळ आली तर पुन्हा काढून घेईन. धर कॉलर.

पण तू कागदावर आला नाहीस. मेडिकलच्या शेप श्रेणीतला पहिलाच एस तो, मनाचा, पण तुझा शेप वन, म्हणजे पूर्ण फिट, राहिला. हे बरोबर होतं की चूक, ते डॉक्टर जाणे. मी विचार करतो तो वेगळाच. तुझी कॅट लागली असती, मेडिकलमध्ये खालची श्रेणी मिळाली असती, तर त्या झोपडीत कोणाचा काय फायदा होता? कोणाचाच नाही. पेट्रोलला दोरात एक माणूस कमी, एवढंच. विशालच्या सेक्शनमध्ये कोणाला एस-टू लागला तर कोणाची तरी जागा पक्की होते. पोरं वाईट नाहीत रे. बडी तापाने फणफणला तेव्हा विशालनेच त्याची पहाऱ्याची ड्यूटी केली. आणि मग वहीत तेही लिहिलं.

नाईकच्या फितीसाठी आपणही कमी भांडलो नाही, कबूल. पण हरलेला पल्टनीतच असायचा, संध्याकाळी रमच्या ग्लासावर शिव्या द्यायला.

माजी सैनिक मेळाव्यात मानसशास्त्राचे एक प्राध्यापक आले होते. शिकागोच्या कोबासा बाईंनी १९७९ साली टेलिफोन कंपनीच्या साहेबलोकांचा अभ्यास केला म्हणे: एवढ्या ताणात काहीजण आजारी पडतात, काही पडत नाहीत, का? (साहेबांचा ताण! मला तिथेच हसू आलं.) टिकणाऱ्यांत तीन गोष्टी सापडल्या. कामात जीव गुंतलेला, आपल्या हातात काहीतरी आहे ही खात्री, आणि संकटाला शिंगावर घ्यायची खोड. पुढे हेच सैनिकांना लावून पाहिलं. मग ते व्हिएतनामवर आले. अमेरिकन शिपाई तिथे एकेकटा यायचा, ज्याचं त्याचं वर्ष भरलं की एकेकटा परत जायचा, त्यामुळे तुकडी कधी मुरायचीच नाही. जेवणाची घंटा झाली आणि सगळे उठले. मी बसून राहिलो. विशालकडे पहिली गोष्ट आहे, तिसरी तर बापाकडूनच आली. दुसऱ्यापाशी घोडं पेंड खातं.

डॉक्टरांना दाखवू म्हटलं तर हात जोडले त्याने. आता युनिटात समुपदेशक असतात, पण त्या दारात उभं राहिलेलं कोणी पाहिलं तर? त्याच्या सुभेदार साहेबांना मी फोन करावा का? केला तर पोराचा विश्वास जातो, कदाचित नोकरीही. न केला तर... पुढचं लिहवत नाही. दर वर्षी संसदेत सरकार जे आकडे देतं ते तूही वाचतोस.

तुझ्या सोसायटीच्या गेटवरच्या नाइट ड्युट्या कमी झाल्या का? सुनीताचं जमलं हे ऐकून आनंद झाला. तारीख कळव, आम्ही आदल्या दिवशीच येऊ.

तर काम असं आहे. विशाल २० तारखेला पुण्याहून झेलम एक्स्प्रेस पकडणार. सकाळच्या एसटीने त्याला तुझ्याकडे पाठवतो. गाडीपर्यंत ठेवून घे. ग्लेशियरचं मी घरात आजवर कोणाला सांगितलेलं नाही, हिलासुद्धा नाही. त्याला सांगायचं की नाही हे तुझं तू ठरव, माझा आग्रह नाही. पण त्याच्याशी बोल. माझ्यासमोर तो सावधानमध्ये उभा राहतो.

वहिनींना म्हणावं, वांगं करू नका, त्याला चालत नाही.

तुझा,
आनंदा