नकाशावरची फुली आणि जमिनीतला चुरा

मा. संपादक,

कोयना-वारणा पट्ट्यात भूकंपाचा धक्का बसला की बातमीसोबत नकाशा येतो आणि त्यावर दोन प्रस्तरभंग (खडक तुटून त्याच्या दोन बाजू एकमेकींना घासून सरकल्याच्या जागा) फुलीसारखे काढलेले असतात. जमिनीत इतकी स्वच्छ फुली नसते. एक भंग दुसऱ्याला कापून दोन मीटर सरकला की जुन्याची टोके समोरासमोर राहत नाहीत. त्याला पुन्हा सरकायचे तर मधला अखंड खडक फोडावा लागतो. असे आलटून पालटून होत गेले की छेदापाशी दगडाच्या ठिकऱ्या आणि चिकण मातीचा पट्टा उरतो. ठिकऱ्यांतून पाणी धावते, माती ते अडवते. म्हणून दहा पावलांवरच्या दोन बोअरपैकी एक वाहते, दुसरी कोरडी जाऊ शकते. श्रेय आणि शिव्या पाणाड्याला.

थरांचा हिशेब करताना हमखास चूक होते ती अशी. समजा, दोन उभे भंग एकमेकांना छेदतात आणि प्रत्येकाने एका बाजूची जमीन ३ मीटर खचवली. चार तुकड्यांपैकी एक जागेवर, दोन ३ मीटर खाली, चौथा ६ मीटर. सपाट जमिनीवरच्या चार विहिरींत तांबडा थर (लाव्ह्याच्या दोन थरांमधली तांबडी माती) २०, २३, २३ आणि २६ मीटरवर लागेल. नेमक्या २३ मीटरच्या दोनच विहिरी पाहिल्या, तर मधे काही घडलेच नाही असे वाटते. चारही बाजूंच्या नोंदी हव्यात. शिवाय हा थर कुठे फूटभर, कुठे गायब. त्याच्या वरखालचा मांजऱ्या दगडही (बुडबुड्यांच्या पोकळ्यांचा लाव्ह्याचा दगड) जुळायला हवा.

सरकण आडवी असेल तर आडव्या थरांत ती दिसतच नाही. ११ डिसेंबर १९६७ चा कोयना भूकंप मुख्यतः अशा आडव्या सरकणीचा. वारणेकडे खचवणारे भंग अधिक. आडवी सरकण मोजायला डाइकची, म्हणजे भेगेत घुसून थिजलेल्या लाव्ह्याची, उभी भिंत कुठे तुटली ते पाहावे आणि भंगाच्या पृष्ठावरच्या घासलेल्या रेघा वाचाव्यात. रेघा बहुधा शेवटच्या सरकणीच्याच असतात, हे मात्र ध्यानात ठेवावे.

खालचा भंग सरकला की मऊ गाळ तुटण्याआधी वाकतो आणि वाकलेला पट्टा वर जाताना रुंदावतो. म्हणून पंचगंगेकाठची नुसती ढासळलेली दरड पाहून भंग सापडल्याचे सांगू नये. खाणीतल्या प्रत्येक उभ्या भेगेलाही भंग म्हणू नये: बेसाल्ट (लाव्ह्याचा काळा दगड) थंड होताना आक्रसून पडलेल्या भेगेच्या दोन्ही बाजू जिथल्या तिथे असतात.

कोयना भागात गोठणे येथे घेतलेल्या ३ किलोमीटर खोल छिद्रात बेसाल्ट सुमारे १२५० मीटरवर संपला आणि थेट ग्रॅनाइटी खडक लागला. धक्के बहुतेक त्या खालच्या खडकातले. तेव्हा नकाशासोबत धक्क्याची खोली आणि सरकणीची दिशा छापावी, ही विनंती.

आपला,
भूशास्त्राचा अभ्यासक, कोल्हापूर